आधी गव्हाण, मग चरवी

श्रावणातली अमावास्या म्हणजे पोळा. आदल्या दिवशी खांदेमळणी झालेली असते. सकाळी ओढ्यावर नेऊन बैल धुतले जातात, शिंगांना हिंगूळ लागतो, बेगड चढते, पाठीवर झूल येते. संध्याकाळी वेशीतून मिरवत आलेली जोडी दारात उभी राहिली की घरची लक्ष्मी तिच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते आणि पुरणपोळीचा घास पुढे करते. वर्षभर राबलेल्या मुक्या जिवासाठी एवढे करायचे नाही तर कुणासाठी? पहिली पोळी मानाची, दुसरी प्रेमाची, आणि मग घरातले लहानथोर आपापल्या हाताने एकेक भरवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांच्या डॉक्टरला मात्र चहा प्यायलाही फुरसत नसते. कुणाचा बैल सुस्त उभा आहे, कुणाची डावी कूस फुगली आहे, कुणाचे रवंथच बंद झाले आहे. पोळ्याच्या आधी पशुवैद्यक दरवर्षी सांगतात की, पुरणपोळीचा घास नैवेद्यापुरता ठेवा. आपण ऐकतो आणि विसरतो. शहरातली मंडळी यात मागे नाहीत. देवळाबाहेरच्या गाईला शिळ्या पोळ्यांची चवड, लग्नकार्यात उरलेला पातेलेभर भात, श्राद्धाच्या दिवशी खीर आणि वडे असे सारे आपण मोठ्या श्रद्धेने तिच्यापुढे ठेवतो. आपल्या पोटाला जे चालते ते तिच्या पोटाला चालेलच, अशी आपली समजूत असते.

प्रेम असणे आणि माहिती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाईच्या बाबतीत आपल्याकडे पहिली उदंड आहे आणि दुसरीचा दुष्काळ आहे. दुधाविषयी आपण पुष्कळ बोलतो. दुधाला दर मिळत नाही म्हणून ते रस्त्यावर ओतले जाते. जून २०१७ मध्ये अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पुणतांब्यापासून सुरू झालेल्या शेतकरी संपात ती दृश्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. भेसळीच्या बातमीने शहरे हवालदिल होतात. देशी गाय बरी की संकरित, यावर तर कट्ट्याकट्ट्यावर वाद रंगतात. पण गाईच्या पुढ्यातल्या गव्हाणीत आज नेमके काय पडले आहे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? गोठ्याचे गणित, पेल्यातल्या दुधाचा कस आणि ज्याची चर्चा आता जगभर चालते तो हवामानाचा प्रश्न, या तिन्हींची मुळे त्या गव्हाणीत आहेत. आजचा विषय तोच आहे.

डाव्या कुशीतले आंबवण

गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांचे पोट चार कप्प्यांचे असते. त्यातला सर्वांत मोठा कप्पा डाव्या कुशीत असतो. त्याला कोटीपोट म्हणतात. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. आपल्या घरी इडलीचे पीठ रात्रभर आंबते किंवा दुधाला विरजण लागते, तसेच पण त्याहून कितीतरी गुंतागुंतीचे आंबवण तिथे अहोरात्र चाललेले असते. ते करणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव त्या काळोख्या, उबदार, हवाबंद जागेत राहतात.

गवतातला, कडब्यातला कठीण तंतू पचवणारा रस माणसाच्या पोटात नसतो. आश्चर्य म्हणजे तो गाईच्याही स्वतःच्या शरीरात तयार होत नाही. तो असतो या सूक्ष्म जीवांपाशी. ते तंतू फोडतात, आपले पोट भरतात आणि त्या बदल्यात काही आम्ले मागे ठेवतात. ती आम्ले कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात आणि गाईला लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे ७० टक्के शक्ती त्यांच्यातून मिळते. पुढे हेच सूक्ष्म जीव चाऱ्याबरोबर वाहत पुढच्या कप्प्यात जातात आणि स्वतःच पचून गाईची प्रथिने होतात. तेव्हा गाय गवतावर जगते हे अर्धेच खरे. गवतावर जगतात ते हे जीव, आणि गाय जगते ती त्यांच्या कमाईवर आणि अखेर त्यांच्यावरच. शहाणा गोपालक आधी या न दिसणाऱ्या गोठ्याला चारतो.

या आम्लांचे दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवण्याजोगे आहेत. कडबा, गवत, वैरण अशा तंतुमय चाऱ्यापासून प्रामुख्याने असेटिक आम्ल तयार होते. व्हिनेगरमध्ये असते तेच हे आम्ल. त्यापासून कासेत दुधाची स्निग्धता, म्हणजे ज्याला गावोगाव फॅट म्हणतात ती, घडते. धान्य, भरडा, गोळी पेंड अशा पिठूळ खुराकातून प्रोपिऑनिक आम्ल जास्त होते. यकृतात त्याची साखर होते आणि त्या साखरेवर दुधाचे माप ठरते. म्हणजे वैरणीने दूध दाट होते आणि खुराकाने ते वाढते. दोन्ही हवे, पण प्रमाणात हवे.

रवंथाचे मोलही यातच आहे. लांब तंतूचा चारा पोटात गेला की गाय दिवसाचे सहा-आठ तास निवांत रवंथ करते. त्या चघळण्यात तिच्या तोंडात लाळ सुटते, मोठ्या गाईत दिवसाला शंभर लिटरच्या घरात. या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात. पोटात तयार होणाऱ्या आम्लाचा आंबटपणा त्यामुळे आटोक्यात राहतो. जळजळ झाली की आपण चिमूटभर सोडा घेतो, गाय तो स्वतःच तयार करते.

आता पुरणपोळीचे काय होते ते सहज कळेल. पीठ, डाळ, गूळ यांत चघळायला तंतू नाही, म्हणून लाळ नाही. उलट पिठावर आणि गुळावर ताव मारणाऱ्या जिवाणूंची भराभर वाढ होते, लॅक्टिक आम्ल साचते, पोटातला आंबटपणा हाताबाहेर जातो आणि तंतू पचवणारे सूक्ष्म जीव मरू लागतात. रवंथ थांबते, आम्ल रक्तात उतरते. पशुवैद्यक ज्याला आम्लधर्मी अपचन म्हणतात ते हेच. वेळीच उपचार झाला नाही तर जनावर दगावते. पोळ्याला हे एका दिवसात घडते. ज्या गोठ्यात वैरण कमी आणि खुराकाचा मारा जास्त असतो तिथे ते वर्षभर, थोडेथोडे, कुणाच्या लक्षात न येता घडत असते.

जात बदलली, गव्हाण तीच राहिली

आपल्या मुलखातल्या जनावरांनी शतकानुशतके एक तडजोड केली होती. खिलार असो, देवणी असो, लाल कंधारी, डांगी किंवा गवळाऊ असो, ज्वारीच्या कडब्यावर, बांधावरच्या गवतावर आणि पावसाळ्यातल्या हिरवाईवर त्यांनी जगायला शिकून घेतले. दूध बेताचे, पण मागणीही बेताची. ओढकामाचा बैल देणे हे त्या गाईचे मुख्य काम होते. वासराचे भागून उरेल ते दूध घरचे.

पुढे काळ बदलला. १९६५ मध्ये आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले आणि १९७० पासून डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले. १९९६ पर्यंत चाललेल्या या दुधाच्या महापुराने देशाचे चित्र पालटले. महाराष्ट्रात गांधीजींच्या सांगण्यावरून १९४६ मध्ये उरुळीकांचनला राहिलेल्या मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था उभी केली आणि संकरित गाय शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. जर्सी आणि होल्स्टिनचे रक्त आले, चरवी भरू लागली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारत दूध उत्पादनात जगात पहिला आला, तो आजही पहिलाच आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध झाले. अल्पभूधारकाच्या घरात दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार म्हणजे मुलांची फी, किराणा आणि औषधपाणी. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

पण गाय बदलली तशी गव्हाण बदलली नाही. उलट ती हलकी होत गेली. एकेकाळी शेतकरी ज्वारीचे वाण निवडताना धान्याइतकाच कडब्याचा विचार करी. मालदांडी टिकून राहिली ती तिच्या भाकरीच्या चवीमुळे आणि तितकीच तिच्या गोड कडब्यामुळे. मराठवाड्यात आणि विदर्भात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीन पैसा देते, कडबा देत नाही. गव्हाची कापणी हार्वेस्टरने होऊ लागली, काड शेतात राहिले. गायराने आक्रसली. उसाच्या पट्ट्यात वाढे मुबलक, म्हणून गव्हाणीत वाढेच वाढे. दिसायला ती हिरवीगार असतात, पण प्रथिनांच्या नावाने ठणठणाट, आणि त्यांच्यात असते ऑक्झॅलेट. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला पकडून ठेवते आणि शेणावाटे बाहेर नेते. म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी असे जाणकार सांगतात. सांगणारे आहेत, शिंपडणारे थोडे.

चारशे किलोच्या दुभत्या गाईला दिवसाकाठी १० ते १२ किलो कोरडे खाद्य लागते. कोरडे म्हणजे पाण्याचा अंश वगळून. ओल्या चाऱ्यात चार हिस्से पाणी आणि एक हिस्सा ऐवज असतो. पालेभाजीची मोठी जुडी शिजल्यावर वाटीभर होते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. म्हणून २० किलो हिरव्या वैरणीचा मोठा भारा टाकला तरी गाईच्या पदरात खरे चारच किलो पडतात. उरलेले सहा-आठ किलो कडबा आणि खुराकातून यायला हवेत. कडब्यात प्रथिने जेमतेम ३-४ टक्के, वाळलेल्या लसूणघासात १८-२० टक्के. हा फरक समजला की आहाराचे अर्धे शास्त्र समजले.

खरवस आणि तीन ग्रॅम

गाय व्याली की घरात आनंद होतो. शेजारीपाजारी चीक वाटला जातो, शहरातल्या नातलगांकडे बाटली रवाना होते आणि वेलदोडा घातलेला खरवस ताटात येतो. त्या चिकावर पहिला हक्क वासराचा, हे आधी सांगितले पाहिजे. रोगांशी लढण्याची पहिली शिदोरी त्याला त्यातूनच मिळते, आणि तीही जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटात गेली तरच.

पण त्या चिकामागे गाईच्या शरीरात काय उलथापालथ चाललेली असते? गाईच्या रक्तरसात एका वेळी फिरणारे कॅल्शियम असते सुमारे तीन ग्रॅम. दहा लिटर चिकातून बाहेर जाते वीस ग्रॅमहून अधिक. म्हणजे तिजोरीत तीन रुपये आणि दारात वीस रुपयांचे देणे. हा तुटवडा भरून काढायला हाडांतला साठा उपसावा लागतो. ती यंत्रणा वेळेवर जागी झाली नाही तर विल्यानंतर दोन-तीन दिवसांच्या आत गाय थरथरते, कोलमडते, मान कुशीकडे वळवून पडून राहते, कान थंड पडतात. याला दुग्धज्वर म्हणतात. नाव ज्वराचे, पण अंग थंडगार. मध्यरात्री कुणीतरी मोटारसायकलवरून डॉक्टरांना आणतो, कंदिलाच्या नाहीतर मोबाईलच्या उजेडात शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू दिली जाते, आणि मेल्यात जमा झालेली गाय ढेकर देते, शेण टाकते, धडपडत उभी राहते. दुधाच्या पट्ट्यात असा गाव नसेल जिथे ही रात्र कुणी अनुभवली नाही. डॉक्टर वेळेवर मिळाला नाही तर सकाळी गोठा रिकामा.

यात एक चकवा आहे. गाभण गाईला शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियमचा मारा केला तर संकट टळत नाही, उलट ते ओढवण्याची शक्यता वाढते. चाऱ्यातूनच भरपूर मिळत असले की हाडांतून उपसा करणारी यंत्रणा सुस्तावते आणि ऐन वेळी जागी होत नाही. चांगुलपणाने केलेली चूक ती हीच, पोळ्याच्या पोळीसारखी.

दुसरी अडचण शक्तीची. व्याल्यावर दूध झपाट्याने वाढते, पण गाईची भूक तेवढी वाढायला काही आठवडे लागतात. खर्च आधी आणि मिळकत नंतर, असा तो काळ. मग ती अंगावरची चरबी जाळते. चरबी फार जळू लागली की यकृताला ते झेपत नाही, रक्तात कीटोन साचतात, श्वासाला आणि दुधाला गोडसर वास येतो, गाय खुराकाला तोंड लावीनाशी होते. याला कितनबाधा म्हणतात. ती ठळक दिसली नाही तरी गाय खंगते, माजावर येत नाही, भरवली तरी गाभण राहत नाही. 'गाय उलटते' ही तक्रार आपण नशिबाच्या नाहीतर रेतनाच्या माथी मारतो. खरे तर पुष्कळदा तिचे उत्तर गव्हाणीत असते. आटलेल्या गाईला 'ती काय दूध देते?' म्हणून कोपऱ्यात बांधून उरलासुरला चारा टाकणे ही या साऱ्याची सुरुवात. विण्याआधीचे दोन महिने हे पुढच्या वेताचे बी-भांडवल असते.

फॅट का लागत नाही?

संकलन केंद्रावर रोज सकाळी हा प्रश्न ऐकू येतो. गाईच्या दुधाला पूर्ण दर मिळवायचा तर फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ लागते. एखादा पॉइंट घसरला की दर कापला जातो. शेतकऱ्याला वाटते यंत्रात खोट आहे. कधी ती असतेही, आणि वजनमापाची तपासणी कडक झालीच पाहिजे. पण कोटीपोटाचे गणित आठवा. वैरण कमी आणि खुराक जास्त झाला की असेटिक आम्ल घटते आणि फॅट उतरते. फॅट उतरली म्हणून शेतकरी आणखी एक पाटी पेंड ओततो, आणि ती आणखी उतरते.

दुधाच्या उत्पादनखर्चात ६० ते ७० टक्के वाटा चारा आणि खुराकाचा असतो. जिथे सर्वांत जास्त पैसा जातो तिथेच सर्वांत जास्त अंदाजपंचे कारभार चालतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गेल्या दशकात राष्ट्रीय डेअरी योजनेखाली गावोगाव संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला. गावातल्याच एका प्रशिक्षित माणसाने गोठ्यात जायचे, गाईचे वजन फितीने मोजून काढायचे, दूध आणि फॅट पाहायची, घरात उपलब्ध असलेला चारा विचारायचा आणि संगणकाच्या मदतीने तिचा आहार बसवून द्यायचा. दिसून आले ते असे की, बहुसंख्य जनावरांना एखादी गोष्ट गरजेहून जास्त आणि दुसरी गरजेहून कमी मिळत होती, आणि खनिजांची तूट तर सार्वत्रिक होती. आहार जुळवल्यावर दर लिटरमागचा खर्च कमी झाला आणि दूध व फॅट सुधारली. नवी गाय नाही, नवे कर्ज नाही, फक्त हिशेब.

पेल्यातले दूध

इथपर्यंत वाचून शहरातला वाचक म्हणेल, हे सारे गोठ्याचे झाले, आमचे काय? दुधाच्या भेसळीची आपल्याला रास्त धास्ती असते. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने मे ते ऑक्टोबर २०१८ या काळात देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे आरोग्याला घातक ठरलेले नमुने निघाले १२. आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त सापडलेले नमुने किती? ३६८. ज्याची भीती वाटते ते थोडे निघाले, आणि ज्याचे नावही आपण ऐकले नव्हते ते तीसपट.

हे विष कुणी दुधात ओतत नाही. ओलसर जागी ठेवलेली सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका यांच्यावर बुरशी येते. ती बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. गाय ती पेंड खाते, तिचे यकृत त्या विषाचे रूप बदलते आणि त्याचा अंश दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. तो दीर्घकाळ शरीरात गेला तर यकृताला अपाय करतो. घाबरून दूध सोडण्याचे कारण नाही, बहुसंख्य नमुने या कसोटीला उतरले होते. पण धडा स्पष्ट आहे. 'माणसांसाठी खराब झाले, जनावराला घाला' ही आपली जुनी सवय आपल्याच पेल्यात परत येते. दुधाची शुद्धता पिशवीवरच्या छापाने नव्हे, तर पेंडीच्या पोत्याखाली फळी ठेवण्यापासून सुरू होते.

ढेकर आणि आभाळ

गाईच्या ढेकरेतून मिथेन वायू बाहेर पडतो आणि तो पृथ्वी तापवतो, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मानवी व्यवहारातून हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी सुमारे एक तृतीयांश पाळीव जनावरांच्या पोटातून आणि शेणातून येतो. यावरून कुणी आपल्या गोठ्यांकडे बोट दाखवले की आपला संताप होतो. तो काही अंशी योग्यही आहे. आपली गाय माणसाच्या तोंडचे धान्य क्वचितच खाते. कडबा, भुसा, पेंड, बांधावरचे गवत असा जो ऐवज माणसाला निरुपयोगी, त्याचे ती दूध करते. २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत मिथेन कमी करण्याची जी जागतिक शपथ घेतली गेली तीत भारत सामील झाला नाही, तो लहान शेतकऱ्याच्या पोटाचा विचार करूनच.

तथापि हवामानाचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवून गोठ्याच्या हिशेबाने याकडे पाहू. कोटीपोटातल्या आंबवणात हायड्रोजन सुटतो. काही सूक्ष्म जीव त्याचा मिथेन करतात आणि गाय तो ढेकरेवाटे सोडून देते. मिथेन म्हणजे जळाऊ वायू, म्हणजेच शक्ती. चाऱ्यातल्या शक्तीचा २ ते १२ टक्के भाग असा हवेत उडून जातो. चारा जितका निकृष्ट आणि आहार जितका असंतुलित, तितके हे प्रमाण सहसा वाढते. म्हणजे शेतकऱ्याने विकत घेतलेल्या पेंडीतला काही पैसा ढेकरेतून जातो.

दुसरा हिशेब त्याहून सोपा. दूध देवो न देवो, गाईला स्वतःचे शरीर चालवायला ठरावीक चारा लागतोच. चार-चार लिटर देणाऱ्या दोन गाई आणि आठ लिटर देणारी एक, दूध सारखेच, पण पहिल्या गोठ्यात दोन शरीरे पोसावी लागतात आणि मिथेनही त्या मानाने जास्त जातो. देशातल्या संकरित गाईचे सरासरी दूध दिवसाला आठ लिटरच्या आसपास, देशी आणि गावठी गाईचे चारच्या. गोठ्यात जनावरे वाढवत राहण्यापेक्षा आहे त्या जनावराला पुरेसे आणि जुळवून खाऊ घालणे, हे शेतकऱ्याच्या खिशाला आणि आभाळाला एकाच वेळी मानवणारे आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने मिथेन कमी करणारे 'हरित धारा' नावाचे पूरक खाद्य तयार केले आहे. अशा संशोधनाचे स्वागत आहेच. पण त्याच्या आधीची पायरी कुट्टी, पाणी आणि मूठभर खनिज मिश्रणाची आहे.

करायचे काय?

उपाय नवे नाहीत, महागही नाहीत. कडबा अख्खा टाकला तर निम्मा पायदळी जातो, कुट्टी केली तर गव्हाणीत राहतो. मका दाण्यात दूध असतानाच कापून, दाबून, हवाबंद केला तर लोणच्यासारखा टिकतो. हा मुरघास दीड महिन्यात तयार होतो आणि उन्हाळ्यात गाईला तारतो. वाळल्या काडावर युरियाची प्रक्रिया करून ते अधिक पचनीय करता येते. मात्र युरियाचे प्रमाण चुकले तर ते विष आहे, म्हणून हे काम पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच व्हावे. दिवसाला ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि हवे तेव्हा स्वच्छ पाणी. एक लिटर दुधामागे चार-पाच लिटर पाणी लागते, आणि कितीतरी गोठ्यांत ते दिवसातून दोनदाच दाखवले जाते. पश्चिम महाराष्ट्रात जिथे मुक्त गोठे झाले तिथे गाय तहान लागली की पिते, एवढ्यानेही दूध वाढल्याचे शेतकरी सांगतात.

मग हे सार्वत्रिक का होत नाही? आमच्या मते कारणे तीन. एक, गोठ्यातले काम करते बाई आणि प्रशिक्षणाला जातो बाप्या. वैरण कापणारी, दूध काढणारी, कोणत्या गाईने आज खुराक सोडला हे आधी ओळखणारी ती असते. दूधसंस्थेच्या पुस्तकावर नाव मात्र दुसऱ्याचे. आहारशास्त्र तिच्यापर्यंत, तिच्या भाषेत आणि तिच्या वेळेला पोहोचले पाहिजे. दोन, दूध विकत घेणारे संघ आणि डेअऱ्या फॅट मोजून दर कापतात, पण फॅट का घसरली हे सांगायला गोठ्यात कुणी पाठवत नाहीत. जो माप लावतो त्याने सल्लाही द्यावा, आणि चारा-पेंड तपासणारी प्रयोगशाळा तालुक्याच्या आवाक्यात असावी. तीन, चाऱ्याला आपण पीक मानतच नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात छावण्या उघडल्या, हजारो जनावरे वाचली, माणुसकीचे ते मोठे काम झाले. पण छावणीत मुख्यतः ऊस आणि वाढी खाऊन जगलेल्या गाईला परत कसाला यायला वेताची वेते लागतात. सुकाळात मुरघासाच्या आणि कडब्याच्या पेढ्या भराव्यात, गायरानांवर मारवेलसारखे गवत लावून गावाने राखावे, ज्वारीचे वाण काढताना कडबाही मोजावा. लिटरला पाच रुपये अनुदान जाहीर करणे सोपे असते आणि संकटात ते द्यावेही लागते. पण तेवढाच पैसा गव्हाणीत घातला तर तो दर वेताला परत येईल.

शहरातल्या वाचकाला काय करता येईल? थोडेच, पण नक्की. स्वस्त दूध मागताना त्यात हिरव्या वैरणीचा पैसा निघतो का, एवढा विचार करावा. देवळाबाहेरच्या गाईला शिळ्या पोळ्यांऐवजी गवताची पेंढी घालावी. भाजीचा कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर टाकू नये, कारण पिशवीसकट तो कुणाच्या कोटीपोटात जातो हे आपण रोज पाहतो.

आणि पोळा? तो व्हायलाच हवा. झूल चढवावी, ओवाळावे, पुरणाचा एक घास मानाचा द्यावा. मग ताट आत न्यावे आणि सालभर राबलेल्या त्या जिवाच्या गव्हाणीत लसूणघासाची हिरवी पेंढी आणि गोड कडब्याची कुट्टी भरभरून घालावी. तो रात्रभर डोळे मिटून शांतपणे रवंथ करील. त्याचे पोळ्याचे जेवण तेच.